एसीच्या कॉपर पाइपवरचं इन्सुलेशन: कोणतं घ्यावं, किती जाड घ्यावं आणि कुठे फसतं

एसी घेताना आपण स्टार बघतो, टनेज बघतो, कॉइल तांब्याची आहे का ते विचारतो. इनडोअर आणि आउटडोअर युनिटला जोडणाऱ्या नळ्यांवर काय चढवणार, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. बसवायला आलेला मेकॅनिक पिशवीतून काढेल ते चढतं. मग जूनचा दुसरा आठवडा उजाडतो, पॅसेजच्या पीओपीवर पिवळा डाग येतो आणि सगळे ड्रेन पाइप साफ करत बसतात. ड्रेन बहुतेक वेळा ठीक असतो. पाणी कॉपर पाइपवर धरलेलं असतं.

बाजारात साधारण चार प्रकारचा माल मिळतो: पांढरा पॉलिइथिलीन फोम, क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीन म्हणजे एक्सएलपीई, काळं नायट्राइल रबर आणि ईपीडीएम रबर. घरगुती स्प्लिट एसीसाठी या चौघांकडे कसं बघावं, ते सांगतो. त्याआधी एक गैरसमज दूर करू, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरते.

इन्सुलेशन वीज वाचवतं असं सांगून विकलं जातं. वाचवतं, पण किती ते बघा. एसीला दोन नळ्या असतात, एक जाड आणि एक बारीक. दीड टनी एसीची जाड नळी अर्धा इंची, म्हणजे चार सुती, बाहेरून १२.७ मिमी. एसी चालू असताना ती ८ अंशांवर आहे आणि बाहेरची हवा ३२ अंश आहे असं धरू. उघडी नळी मीटरमागे साधारण ९ वॅट उष्णता आत घेते, आणि तिच्यावर पाणी धरलं की हा आकडा दुपटीच्या आसपास जातो. ९ मिमी जाडीचं रबर चढवलं की तो पावणेपाच वॅटवर येतो, १९ मिमी चढवलं की साडेतीनवर. पाच मीटर नळीला ९ आणि १९ मिमीमधला फरक झाला जेमतेम ६ वॅट. दीड टनी मशीनची थंड करायची ताकद सव्वापाच हजार वॅट. म्हणजे नळी उघडी ठेवणं चूकच, पण विजेच्या हिशेबाने जाड आणि पातळ इन्सुलेशनमध्ये काही फरक नाही.

फरक आहे तो पाण्याचा, आणि तो मोठा आहे. दव धरू नये म्हणून इन्सुलेशनची बाहेरची कातडी हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा, गरम राहायला हवी. त्याच ८ आणि ३२ अंशांच्या हिशेबात काळ्या रबराची बाहेरची बाजू अशी राहते: ६ मिमी जाडीला २४ अंश, ९ मिमीला साडेसव्वीस, १३ मिमीला सव्वाअठ्ठावीस, १९ मिमीला साडेएकोणतीस. आर्द्रतेच्या भाषेत सांगायचं तर ६ मिमी ट्यूबला हवेतली आर्द्रता ६३ टक्क्यांच्या वर गेली की घाम फुटतो, ९ मिमीला ७३ च्या वर, १३ मिमीला ८० च्या वर आणि १९ मिमीला ८७ च्या आसपास. मुंबई, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात जुलैत आर्द्रता दिवसचे दिवस ८० च्या वर असते. बाजारातली नेहमीची ९ मिमी ट्यूब तिथे पुरणारच नाही, ती कितीही नामांकित कंपनीची असो. काही जपानी कंपन्या आपल्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये सरळ लिहितात की हवा ३० अंशांच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या वर जात असेल, तर जाडी किमान २० मिमी ठेवा. ती ओळ आपल्या किनारपट्टीवर फारशी कुणी वाचत नाही.

म्हणून जाडी गावावरून आणि नळी कुठून जाते त्यावरून ठरवा. एसी चालणाऱ्या खोलीतच नळी असेल तर तिथली हवा कोरडी असते, १३ मिमी पुष्कळ झालं. स्वयंपाकघर, बाथरूमवरचा माळा, फॉल्स सीलिंगची पोकळी, बंद पॅसेज किंवा डक्टमधून जात असेल, तर कोकण, मुंबई आणि गोव्यात जाड नळीवर १९ मिमीच हवं. पुणे-नाशिककडे तिथे १३ मिमी चालतं. नागपूर-अकोल्याला मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ९ मिमीवरही थेंब धरत नाही. तिकडे खरा शत्रू ऊन आहे, त्याकडे पुढे येतो.

आता माल.

पांढरा पॉलिइथिलीन फोम. एसीसोबतच्या किटमध्ये आणि ऑनलाइन मिळणाऱ्या तयार कॉपर जोडीवर बहुतेक वेळा हाच असतो. उष्णता अडवण्यात तो वाईट नाही. उष्णतावहन ०.०३५ ते ०.०४ वॅट प्रति मीटर-केल्विन, रबराच्या जवळपास. अडचण दुसरीकडे आहे. त्याची वरची कातडी पातळ असते, वळण दिलं की आतल्या बाजूला चुण्या पडतात आणि बाहेरची बाजू ताणली जाऊन फाटते. सर्वांत वाईट म्हणजे पॉलिइथिलीनवर रबर सोल्यूशन, म्हणजे जोड चिकटवायचा गोंद, नीट धरत नाही. जोड टेपच्या भरवशावर राहतो, आणि दमट हवेत टेपचा गोंद सुटतो. जाडीही बहुधा ६ ते ९ मिमीच मिळते. आगीत हा फोम वितळून थेंब-थेंब खाली पडतो, हेही लक्षात ठेवा. भाड्याच्या घरात, खिडकीलगत दोन मीटरची उघडी नळी असेल तर चालवून घ्या. भिंतीत किंवा सीलिंगमध्ये जाणाऱ्या नळीवर मी हा कधीच घालू देणार नाही.

एक्सएलपीई त्याच घराण्यातलं, पण बरंच सरस. फोममधल्या हवेच्या पेशी बारीक, कातडी घट्ट, पाणी जवळपास पीत नाही. आपल्याकडे सुप्रीमचं इन्सुशील्ड सहज मिळतं. सरळ लांब नळीला उत्तम. मात्र कडक असल्यामुळे घरातल्या आखूड वळणांवर बसवताना कापून, तिरके जोड घालून काम करावं लागतं, आणि गोंदाची अडचण इथेही थोडीफार राहतेच. हातात सफाई असलेला कारागीर असेल तर घ्या.

नायट्राइल रबर म्हणजे बाजारात ज्याला काळी ट्यूब म्हणतात ते. मलेशियाच्या सुपरलॉनचं नाव इतकं रुळलंय की दुकानात कुठल्याही काळ्या ट्यूबला सुपरलॉन म्हणतात. तेव्हा नाव घेऊन मागितलं तरी छापलेलं नाव वाचूनच घ्या. इटलीचं के-फ्लेक्स आणि आर्मासेलचं आर्माफ्लेक्स ही दुसरी दोन मोठी नावं. आर्मासेलचा कारखाना पुण्याजवळही आहे. या तिन्हींच्या मालात उष्णता अडवण्याच्या बाबतीत सांगण्यासारखा फरक नाही. ० अंशाला सगळे ०.०३५ च्या आसपास असतात. निवड करताना बाष्परोधाचा आकडा बघा, माहितीपत्रकात तो ग्रीक म्यू अक्षराने दिलेला असतो. चांगल्या नायट्राइलला तो ७,००० किंवा १०,००० असतो. दमट गावात १०,००० वाला घ्या. कारण साधं आहे: बाष्प हळूहळू रबरात शिरतं, थंड नळीजवळ त्याचं पाणी होतं, आणि पाणी उष्णता ०.६ या दराने वाहून नेतं, म्हणजे रबराच्या सतरा-अठरा पट. इन्सुलेशन आतून ओलं झालं की त्याची जाडी कागदावरच उरते. ते पुन्हा वाळत नाही, बदलावंच लागतं.

नायट्राइलचा मोठा गुण म्हणजे ते सोल्यूशनने अखंड चिकटतं. नीट चिकटवलेला जोड ओढला तर जोडाशेजारचं रबर फाटतं, जोड सुटत नाही. घरगुती कामात बहुतेक गळती जोडांतून सुरू होते, म्हणून माझी पहिली पसंती नायट्राइललाच. दोष एक, ऊन. उघड्यावर राहिलं की वरची कातडी आधी राखाडी होते, मग बारीक भेगा पडतात, मग बोट लावलं की भुगा हातात येतो.

ईपीडीएम उन्हाला आणि उष्णतेला जास्त टिकतं. थायलंडचं एरोफ्लेक्स यातलं जुनं नाव. तुमचा एसी हिवाळ्यात गरम हवाही देणारा असेल, तर त्या वेळी जाड नळीतून कंप्रेसरचा तापलेला गॅस जातो. नायट्राइल साधारण १०५ अंशांपर्यंतचं, ईपीडीएम १२५ आणि त्याच्या पुढचं. अशा मशीनला ईपीडीएमच लावा. फक्त थंड करणाऱ्या एसीला जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. गच्चीवरून लांब नळी उघडी जात असेल, तर तेवढ्या भागापुरतं ईपीडीएम घालणं शहाणपणाचं. त्याला त्याच कंपनीचं सोल्यूशन घ्या, नायट्राइलचं त्यावर नीट धरेलच असं नाही.

चांदीसारख्या ॲल्युमिनियम फॉइलने मढवलेली ट्यूब दिसायला भारी दिसते आणि ‘डबल प्रोटेक्शन’ म्हणून विकली जाते. बाहेर उन्हात ती कामाची आहे. घरात, सीलिंगच्या आत मात्र चकचकीत फॉइल उलटी पडते. काळी कातडी आजूबाजूची उष्णता शोषून स्वतःला गरम ठेवते, चकचकीत फॉइल ती परावर्तित करते आणि थंडच राहते. वरचाच हिशेब फॉइलसाठी केला तर १३ मिमी फॉइलवाल्या ट्यूबची बाहेरची बाजू साडेसव्वीस अंशांवर येते, म्हणजे ९ मिमीच्या साध्या काळ्या ट्यूबइतकी. पैसे जास्त देऊन चार मिमी गमावले.

दुकानात काय तपासायचं? आधी भोक. ट्यूबवर दोन आकडे असतात, आतला व्यास आणि भिंतीची जाडी. पाव इंची नळीला ६ मिमी, तीन सुतीला १०, चार सुतीला १३, पाच सुतीला १६. दुकानदार बरेचदा ‘तेरा’ म्हणाल्यावर तेरा भोकाची, पण नऊ जाडीची ट्यूब काढून देतो. ‘तेरा बाय तेरा’ किंवा ‘तेरा बाय एकोणीस’ असं पूर्ण मागा आणि कापलेल्या तोंडावर पट्टी लावून बघा. भोक मोठं असेल तर नळी आणि रबर यांच्यात हवेची पोकळी राहते आणि त्यात पाणी साचून उताराकडे धावतं. दुसरं, दोन बोटांनी ट्यूब चेपून सोडा. चांगलं रबर लगेच मूळ आकारावर येतं, भेसळीचं खळगा धरून बसतं. तिसरं, एक तुकडा दुमडून वळणावर नखाने ओढा, भेग दिसली तर जुना किंवा हलका माल. चौथी परीक्षा घरी करण्यासारखी: बोटभर तुकडा पाण्यात बुडवून पाण्याखालीच जोराने दाबा. बुडबुड्यांची रांग सुटली तर पेशी उघड्या आहेत, तो फोम पाणी पिणार. कापलेल्या कडेवरचे दोन-चार बुडबुडे सोडून द्या.

माल किती लागेल? ट्यूब २ मीटर किंवा ६ फुटांच्या तुकड्यांत येते. नळीच्या लांबीपेक्षा दहा टक्के जास्त घ्या, आणि दोन्ही नळ्यांसाठी वेगवेगळी. बारीक नळीला इन्सुलेशन लागत नाही, हा सल्ला फ्रिजच्या आणि जुन्या मोठ्या मशीनच्या अनुभवातून आलेला आहे. घरगुती स्प्लिटमध्ये कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे गॅसचा दाब उतरवून त्याला थंड करणारा भाग, बहुधा आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे घरात येणारी पाव इंची नळीही थंडच असते. तिलाही पाणी सुटतं. दोन्ही नळ्या एकाच ट्यूबमध्ये कोंबणंही चूक, चीर उघडीच राहते. बारीक नळीवर १३ मिमी पुरतं. सोबत एक डबा रबर सोल्यूशन आणि ३ मिमी जाड, ५० मिमी रुंद नायट्राइल टेपचा एक रोल घ्या. आणि खोलीबाहेरून जाणाऱ्या ड्रेन पाइपच्या पहिल्या दोन मीटरवर ९ मिमी ट्यूब चढवा, कारण त्यातलं पाणीही थंडच असतं.

आता भिंतीचं भोक. माल उत्तम आणूनही काम बिघडतं ते इथे. कोअर कटिंगवाला, म्हणजे मशीनने भिंतीला गोल भोक पाडणारा, सवयीने ६५ मिमीचं भोक पाडतो. ९ मिमी इन्सुलेशन घातलं तर जाड नळी ३०.७ मिमी होते, बारीक २४.४, दोन्ही मिळून ५५. बसतात. १३ मिमी घातलं की ३८.७ आणि ३२.४, बेरीज ७१. भोकातून जातच नाहीत. मग मेकॅनिक काय करतो? भोकापुरतं इन्सुलेशन सोलून काढतो आणि नळ्या नागड्याच आत सरकवतो. सहा किंवा नऊ इंच भिंतीच्या पोटात उघडं तांबं राहतं, आणि पावसाळाभर ती भिंत आतून भिजते. बाहेरून कुणाला काही दिसत नाही, फक्त भोकाच्या खाली रंगाचे पोपडे सुटत राहतात. म्हणून १३ मिमीला किमान ८० मिमीचं आणि १९ मिमीला १०० मिमीचं भोक हवं. ड्रेन आणि वायरही त्यातूनच जाते. हे कोअर कटिंगवाला येण्याआधी सांगायचं. भोकाला बाहेरच्या बाजूकडे किंचित उतार असावा. शेवटी फट बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं ॲसेटिक ॲसिड तांब्याला खातं. बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन मागा.

बसवताना ट्यूब नळीवर ढकलायची, ओढायची नाही. ओढून ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि जोडात बोटभर फट पडते. उलट दर दोन मीटरला सेंटिमीटरभर जास्त लांबी ठेवून ती दाबून बसवा. ट्यूब सरकवण्याआधी नळीच्या तोंडाला टेप लावा, नाहीतर आतली पावडर आणि रबराचा चुरा नळीत जातो आणि पुढे कॅपिलरीत अडकतो. फ्लेअर करण्याआधीच, म्हणजे नट बसवण्यासाठी नळीचं तोंड पसरवण्याआधीच, ट्यूब चढवली पाहिजे, नट बसल्यावर ती अखंड जात नाही. जोडांच्या दोन्ही तोंडांना सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, पाच ते दहा मिनिटं लागतात. मग एकदाच नेमकं जुळवून दाबा. ओलं असतानाच चिकटवलं तर जोड धरत नाही. पावसाच्या दिवसात सोल्यूशनवर दमटपणाचा पांढुरका थर येतो, तो आला की त्यावर चिकटवू नका, पुसून पुन्हा लावा. जोडांनंतर एसी किमान २४ तास चालवू नये, जमल्यास ३६. हे ऐकणारे थोडे, पण नवं रबर त्याच रात्री थंडीने आखडलं की कच्चा जोड उघडतो.

फ्लेअर नट गळती तपासून होईपर्यंत उघडे ठेवावे लागतात. तपासणी झाल्यावर इनडोअरच्या मागचे दोन्ही नट झाकायला मेकॅनिक विसरतो, किंवा वरून नुसती पांढरी टेप गुंडाळतो. तिथे ट्यूबचा मोठ्या भोकाचा तुकडा उभा चिरून बसवा आणि त्यावर नायट्राइल टेपचे दोन थर द्या. इनडोअर युनिटखालच्या भिंतीवर उमटणारा तो ओळखीचा ओला ओघळ अनेकदा या दोन नटांचाच असतो.

पांढरी पीव्हीसी टेप गुंडाळताना दोन गोष्टी पाळा. ती करकचून आवळू नका. १३ मिमी रबर आवळून ७ मिमी झालं तर ते ७ मिमीचंच काम करतं. आणि उभ्या नळीवर टेप खालून वर गुंडाळा, कौलं शाकारतात तशी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पावसाचं पाणी बाहेरून ओघळतं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्याची फट पाणी आत घेते. क्लॅम्पच्या जागीही रबर चेपतं. तिथे पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला वीतभर अर्धा तुकडा रबराच्या बाहेरून द्या आणि क्लॅम्प त्यावर आवळा.

उन्हातल्या भागाला सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे पीव्हीसी ट्रंकिंग, म्हणजे नळ्या झाकणारी झाकणाची प्लास्टिक पट्टी. ते न जमल्यास नायट्राइलसाठी मिळणारा रबर पेंट, दोन हात. नुसती पांढरी टेप विदर्भातल्या उन्हात लवकर कडकडीत होऊन फाटते, आणि फाटलेल्या टेपमधून कावळे-कबुतरं आतला फोम टोचून काढतात.

जुन्या एसीला गळती सुरू झाली असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: डाग जिथे पडतो तिथे दोष असेलच असं नाही. टेपच्या आत सुटलेलं पाणी नळीच्या अंगाने वाहत जातं आणि सर्वांत खालच्या वळणावर ठिबकतं. चाचणी सोपी आहे. एसी बंद आणि नळी कोरडी असताना इनडोअरच्या ट्रेमध्ये हळूहळू अर्धा लिटर पाणी ओता. सगळं ड्रेनमधून बाहेर गेलं आणि डागाच्या जागी काही टपकलं नाही, तर ड्रेन निर्दोष, संशय इन्सुलेशनवर. मग डागापासून चढाच्या दिशेने टेप सोडत जा, पहिला कोरडा जोड लागेपर्यंत. मधलं सगळं ओलं रबर काढून टाका आणि नवी ट्यूब उभी चिरून बसवा. चीर शक्यतो खालच्या अंगाला ठेवा आणि दोन्ही कडा सोल्यूशनने चिकटवा, नुसत्या टेपवर सोडू नका. नळीवर पाण्याऐवजी बर्फ दिसला तर मात्र इन्सुलेशनला हात लावू नका. फिल्टर तुंबलाय किंवा गॅस कमी आहे.

नवीन फ्लॅटमध्ये बिल्डर कॉपर पाइप भिंतीत गाडून देत असेल, तर प्लास्टर होण्याआधी साइटवर जाऊन बघा. एकदा सिमेंट चढलं की ते इन्सुलेशन बदलायला भिंतच फोडावी लागते. चार सुती नळी १९ मिमी रबरासह ५१ मिमी जाड होते, आणि चार इंची ब्लॉकच्या भिंतीत एवढी खाच मारायला कुणी तयार नसतो. म्हणून तिथे ९ मिमी किंवा नुसता फोम घालून काम उरकतात. अशा वेळी नळी सहा इंची भिंतीतून किंवा डक्टमधून न्यायला सांगा. तेही जमत नसेल तर भिंतीवरूनच ट्रंकिंगमध्ये न्या. पांढरी पट्टी दिसते खरी, पण पाच वर्षांनी ती स्क्रू काढून उघडता येते.